पानाआडचा पाळणा

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातली गोष्ट. सकाळची दुआ आटोपून मी सहावीच्या वर्गात शिरले, तर सगळी मुले माझ्या टेबलाभोवती गोळा झालेली. मधोमध एका मुलाच्या ओंजळीत वांग्याची दोन पाने होती. शाळेच्या परसबागेतली. पाने एकमेकांना जोडून त्यांचा द्रोण झालेला आणि कडेने पांढऱ्या धाग्याचे टाके.

"टीचर, बघा ना, पान शिवलंय! आणि आत अंडी पण आहेत!"

मी वाकून पाहिले. सावरीच्या कापसासारख्या मऊ गादीवर तीन इवलीशी अंडी. फिकट निळसर, वर तांबूस ठिपके. शिंपी पक्ष्याचे घरटे मी पुस्तकातल्या चित्रात पाहिले होते, हातात पहिल्यांदाच आले होते. मी त्या मुलाला म्हणाले, "शाबास!" घरटे टेबलावर ठेवले आणि पूर्ण तासभर मुलांना त्याच्याविषयी सांगत बसले. मुले खूश, मीही खूश.

मधल्या सुट्टीत तोच मुलगा माझ्याकडे आला. परसबागेच्या कुंपणावर एक चिमणीहून लहान, हिरवट पक्षी शेपटी उभारून एकसारखा ओरडत होता. मुलाने विचारले, "टीचर, ती कुणाला बोलावतेय?"

आम्ही घरटे घेऊन धावलो. पण देठ तुटलेली पाने परत झाडाला कशी लावणार? दोऱ्याने बांधून पाहिली. दुपारपर्यंत पाने कोमेजली, टाके उसवले. संध्याकाळी पक्षी दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी अंडी थंडगार होती.

चूक मुलाची नव्हती. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. चूक "शाबास" म्हणणाऱ्याची होती. त्या दिवसापासून मी या लहान पक्ष्यांच्या घरट्यांविषयी जे मिळेल ते वाचत गेले, आणि जमेल तेव्हा दुरून पाहत गेले. त्यातले थोडे आज तुमच्यापुढे ठेवते.

घर नव्हे, बाळंतिणीची खोली

आपल्यापैकी बहुतेकांचा समज असा, की घरटे म्हणजे पक्ष्याचे घर. दिवसभर हिंडायचे आणि मगरिबच्या वेळी घरट्यात येऊन झोपायचे. प्रत्यक्षात बहुतेक पक्षी घरट्यात राहत नाहीत. रात्री ते फांदीवर, झुडपात, पानांच्या आडोशाला झोपतात. घरटे बांधले जाते ते फक्त अंड्यांसाठी आणि पिल्लांसाठी. पिल्ले उडाली की त्याचे काम संपले. म्हणून ते घर नाही. बाळंतिणीची खोली आहे, पाळणा आहे.

शिंपी पक्ष्याची अंडी उबायला साधारण 12 दिवस लागतात आणि पिल्लांना उडायला त्यानंतर आणखी सुमारे 14. म्हणजे जेमतेम महिन्याचा खेळ. पण हा महिना फार जोखमीचा. पक्ष्याचे वजन दहा ग्रॅमच्याही आत. अंडी आणि पिल्ले पळून जाऊ शकत नाहीत, आणि साप, कावळा, भारद्वाज, खार, सरडा, मांजर असे सगळेच त्यांच्या शोधात. झाडाझुडपांत राहणाऱ्या लहान पक्ष्यांची कितीतरी घरटी पिल्ले उडण्याआधीच रिकामी होतात. मग एवढासा जीव काय करतो? त्याच्याकडे ना नखे, ना ताकद. त्याला अल्लाहने दिलेले आहे ते कसब, आणि प्रत्येकाला वेगळे.

शिवणारी शिंपीण, विणणारा सुगरण

शिंपी पक्षी आपल्या दारातला. कर्दळ, अंजीर, लिंबू, वांगी, साग, जिथे मऊ आणि जरा रुंद पान मिळेल तिथे. घरटे शिवण्याचे काम मुख्यतः मादी करते. आधी ती पान निवडते. एकच मोठे पान असेल तर त्याच्या दोन कडा जवळ आणते, लहान असतील तर दोन-तीन पाने जोडते. मग टोकदार चोचीने कडेला बारीक बारीक भोके पाडते. कोळ्याच्या जाळ्याचा धागा, कापूस किंवा झाडाचा तंतू त्या भोकातून ओवते. आपण शिवताना एकच दोरा सलग नेतो, तशी ती नेत नाही. तिचा प्रत्येक टाका सुटा असतो. भोकातून बाहेर आलेले धाग्याचे टोक पिंजून फुलते आणि गाठीसारखे अडकून राहते. एक टाका सुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही.

यातली खरी युक्ती पुढेच आहे. भोके इतकी बारीक, की पानाला फारशी इजा होत नाही. पान झाडावरच राहते, जिवंत राहते, हिरवे राहते. पानाची वरची बाजू बाहेरच्या अंगाला असते. त्यामुळे शेजारच्या शंभर पानांत हे एक पान वेगळे ओळखू येत नाही. घरट्याचे सगळे संरक्षण पान हिरवे राहण्यात आहे. आम्ही देठ तोडला तेव्हा नेमके तेच तोडले होते.

इथे भाषेची एक गंमत सांगते. मराठीत या पक्ष्याला आपण "शिंपी" म्हणतो, पुरुषाचे नाव देतो. शिवते मात्र शिंपीण. उलट विहिरीवरच्या बाभळीला, शिंदीला लोंबकळती घरटी विणणाऱ्या पक्ष्याला आपण "सुगरण" म्हणतो, बाईचे नाव देतो. विणतो मात्र नर! उर्दूत त्याला "बया" म्हणतात.

ही सुगरणीच्या घरची गोष्ट उलगडून दाखवली ती आपल्याच मुंबईच्या डॉ. सालिम अली यांनी. 1930 मध्ये ते जर्मनीहून शिकून परत आले, तर त्यांची संग्रहालयातली जागाच पैशाअभावी रद्द झालेली. हाताला काम नाही. पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी कुटुंबाच्या घरात राहायला गेले. तिथे पावसाळ्यात त्यांना सुगरणींची वसाहत सापडली. महिनोन्महिने ते शिडी लावून, बसून, टिपणे काढत राहिले. त्यांना दिसले ते असे: नर घरटे अर्धेच विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून बघतात, ओढून बघतात. एखादीला पसंत पडले तर ती तिथे राहते, आणि मगच नर बाहेरची लांब नळी पूर्ण करतो. ती अंडी उबवायला बसली की हे महाशय शेजारीच दुसरे घरटे विणायला घेतात. नापसंत पडलेली घरटी अर्धवटच लोंबत राहतात. आपण विहिरीवर पाहतो ती अर्धवट घरटी म्हणजे आळस नव्हे, नकार आहे. बेकारीच्या त्या दिवसांत केलेल्या या कामानेच सालिम अलींचे नाव पुढे आले.

कचऱ्यात लपणे, कोतवालाच्या शेजारी राहणे

प्रत्येकाला शिवण येत नाही. निळाजांभळा चमकणारा शिंजीर तुम्ही जास्वंदीवर पाहिला असेल. त्याची मादी एकटीच घरटे बांधते, आणि ते अगदी कचऱ्यासारखे दिसावे अशा बेताने. कोळ्याच्या जाळ्यात वाळकी पाने, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असे काय काय चिकटवून तयार झालेली एक लोंबती पिशवी. बाजूला तोंड आणि त्याच्यावर पावसासाठी लहानशी पडवी. बघणाऱ्याला वाटते, वाऱ्याने जाळ्यात कचरा अडकला आहे. बरेचदा हे घरटे व्हरांड्यात, तारेवर, दाराशेजारच्या वेलीवर असते. आणि आपल्या घरी ईदची साफसफाई निघाली की झाडूचा पहिला फटका तिथेच बसतो.

पिवळाधमक हळद्या दुसरी युक्ती करतो. ज्या झाडावर काळ्या कोतवालाचे घरटे असते, पुष्कळदा त्याच झाडावर तो आपले घरटे बांधतो. कोतवाल आकाराने फार मोठा नाही, पण कावळा असो की घार, आपल्या झाडाजवळ आली की तिच्यावर तुटून पडतो. त्याचे नावच त्यावरून पडले आहे. तो राखतो स्वतःची पिल्ले, पण त्या पहाऱ्यात शेजाऱ्याचीही राखली जातात. कबुतरांच्या जातीतले होले आणि लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तकही कोतवालाचा असा शेजार धरताना दिसतात.

सह्याद्रीच्या जंगलातला तांबूस सुतार तर याहून धाडसी. झाडांच्या फांद्यांवर काही मुंग्या फुटबॉलएवढा काळपट, कागदाच्या लगद्यासारखा गोळा बांधतात. शेपटीकडचा भाग विंचवासारखा वर उचलून चावा घेणाऱ्या या मुंग्या आहेत. माणूस त्या झाडाखाली उभा राहत नाही. हा सुतार मात्र मुंग्यांनी भरलेल्या त्या गोळ्यातच भोक पाडून आपली दोन-तीन अंडी घालतो! याच मुंग्या आणि त्यांची अंडीकोष हे त्याचे नेहमीचे खाणे, पण त्यांच्या घरात त्याची पिल्ले वाढतात. हजारो चावणाऱ्या पहारेकऱ्यांच्या मधोमध साप किंवा खार कशाला येईल?

शिलींध्री नावाचा आणखी एक लहानसा वनपक्षी आहे. खोडावर डोके खाली करून उतरतो, तोच. तो झाडातली ढोली निवडतो. ढोलीचे तोंड मोठे असेल तर शिलींध्रीच्या काही जाती ओल्या मातीचा गिलावा करून ते लिंपत आणतात. शेवटी आपण स्वतः कसेबसे शिरू एवढेच भोक ठेवतात. वाळल्यावर हा गिलावा भिंतीसारखा कडक होतो. कोकणातल्या वाचकांना यावरून धनेश आठवेल. त्याची मादी तर स्वतःलाच ढोलीत कोंडून घेते आणि नर फटीतून तिला भरवत राहतो.

हुदहुदची दुर्गंधी

आता एका अशा पक्ष्याविषयी, ज्याचे नाव आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. हजरत सुलेमान (अलै.) यांनी पक्ष्यांची हजेरी घेतली तेव्हा जो जागेवर नव्हता आणि नंतर सबाच्या राणीची खबर घेऊन आला, तो हुदहुद. मराठीत हुप्प्या. डोक्यावर पंख्यासारखा तुरा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. मोकळी रानझाडी, आमराया, गावाबाहेरचे कब्रस्तान अशा ठिकाणी तो जमिनीत चोच खुपसत चालताना दिसतो. रूप असे देखणे, पण घरटे? नाक धरावे लागेल.

हुदहुद झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात अंडी घालते. अंडी घालायची वेळ आली की मादीच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीत बदल होतो. एरवी या ग्रंथीतून पांढरट, वास नसलेले तेल येते. आता तिथे गडद तपकिरी, कुजल्यासारख्या घाणेरड्या वासाचा द्रव तयार होऊ लागतो. पिल्लांच्या अंगातही तसाच द्रव तयार होतो. नराच्या मात्र होत नाही, आणि पिल्ले मोठी होऊन गेली की मादीही पूर्ववत होते. लोक शतकानुशतके म्हणत आले, हुदहुद दिसायला सुंदर पण राहणी गलिच्छ.

हा गैरसमज दूर झाला तो स्पेनमध्ये, ग्रॅनाडा इथे. उर्दू वाचणाऱ्यांना हे शहर गरनाता म्हणून ठाऊक आहे, अल्-हमराचे शहर. तिथल्या संशोधकांना आढळले, की हा वास एका प्रकारच्या जिवाणूंमुळे येतो. ते जिवाणू मादीच्या ग्रंथीत राहतात आणि इतर रोगजंतूंना मारणारी द्रव्ये तयार करतात. मादी हा द्रव चोचीने आपल्या अंड्यांना चोपडते. निळसर अंडी काही दिवसांत तपकिरी होतात. हुदहुदच्या अंड्याच्या कवचावर सूक्ष्म खळगे असतात, ते या द्रवाने भरतात, आणि आतल्या जिवाला रोगजंतूंपासून संरक्षण मिळते. ज्या घाणीला आपण नाक मुरडत होतो, ती त्या आईची औषधाची बाटली होती.

आणि मादी बाहेर का येत नाही? कारण ती अंड्यांवरून फारशी उठतच नाही. उबवण्याच्या दोन-अडीच आठवड्यांत नर तिला खाणे आणून देतो. ढोलीत कुणी तोंड घातले तर आतली पिल्ले सापासारखी फुसफुसतात, आणि पाठ फिरवून येणाऱ्याच्या तोंडावर विष्ठेची पिचकारी मारतात. आजमावून पाहायला जाऊ नये!

हदीसच्या ग्रंथांत चार जीव मारण्याची मनाई आलेली आहे: मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि खाटीक पक्षी. लहानपणी मौलवीसाहेबांकडून हे ऐकले तेव्हा मला वाटे, हुदहुदचे ठीक आहे, तो सुलेमान (अलै.) यांचा कासिद, पण मुंगी का? आज तांबूस सुताराविषयी वाचल्यावर वाटते, एकाचा आसरा दुसऱ्यावर कसा टेकलेला असतो हे आपल्याला दिसत नाही, म्हणून काही बाबतींत हात आवरायला सांगितलेले बरे.

आपले घरटे मोडले तरी

इतके कसब असूनही घरटी मोडतातच. मग त्या आईबापांचे काय होते? याचे एक उत्तर इंग्लंडच्या वनांतून मिळते.

तिथे लांब शेपटीचा एक चिमुकला पक्षी आहे. वजन आठ-नऊ ग्रॅम. इंग्रजीत त्याला लाँग-टेल्ड टिट म्हणतात. त्याचे घरटे म्हणजे शेवाळ आणि कोळ्याचे जाळे यांची थैली, बाहेरून दगडफुलाचे बारीक तुकडे चिकटवून खोडाच्या रंगाची केलेली, आत हजाराहून जास्त पिसांचे अस्तर. ते करायला जोडीला आठवडे लागतात. जाळ्याच्या विणीमुळे ही थैली ताणली जाते, पिल्ले वाढतात तशी ती मोठी होते. एवढे करूनही बहुतेक घरटी कावळ्याच्या जातीचे पक्षी आणि इतर शत्रू लुटून नेतात.

हंगाम फार पुढे गेला असेल, तर घरटे गमावलेला पक्षी नव्याने मांड मांडत नाही. तो आपल्या भावाच्या घरट्याशी जातो आणि भावाच्या पिल्लांना चारू लागतो. शेफील्ड इथल्या संशोधकांनी अनेक वर्षे या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून हे पाहिले. मदतीला येणारे बहुतेक नर असतात, आणि ते शक्यतो नातलगांकडेच जातात. नातलग ओळखतात ते आवाजावरून. ही बोली ते घरट्यात असतानाच शिकलेले असतात. आपले घर उजाड झाल्यावर चाचा पुतण्यांसाठी दिवसभर अळ्या वेचतो आहे. हे वाचले तेव्हा मला आमच्या मोहल्ल्यातल्या दोन-तीन घरांची आठवण आली. नावे सांगत नाही. तुमच्याही मोहल्ल्यात असतीलच.

आपल्याकडचे उदाहरण परसातच आहे. मळकट रंगाचे, कलकलाट करत पालापाचोळा उलटणारे सातभाई. नेहमी सहा-सात-आठच्या टोळीने. त्यांच्यात घरटे एका जोडीचे असले तरी पिल्लांना चारायला टोळीतले इतरही येतात, आणि साप दिसला की सगळे मिळून त्याला घेरतात. गावकऱ्यांनी त्यांना भाई म्हटले ते उगाच नाही.

नेम धरणारा मुलगा

पुन्हा सालिम अलींकडे वळते. ते मोठेपणी काय झाले हे आपल्याला माहीत आहे. पण लहानपणी त्यांच्या हातात छर्ऱ्याची बंदूक होती. दहा वर्षांच्या आसपास वय असताना त्यांनी एक नोंद लिहून ठेवली होती. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. सालिमने एका गाडीआड लपून नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला, तोही खिळ्यावर येऊन बसला. तोही टिपला. सात दिवसांत असे आठ नर त्यांनी मारले. त्यांना तेव्हा अभिमान वाटला होता तो नेमबाजीचा. बऱ्याच वर्षांनी ती नोंद पुन्हा वाचली गेली तेव्हा महत्त्वाची ठरली ती तिच्यातली निरीक्षणे.

आई-वडील लहानपणीच गेलेल्या या पोराला मामांनी वाढवले. पिवळ्या गळ्याची एक वेगळीच चिमणी त्याच्या हाती लागली, तेव्हा मामांनी त्याला रागावून परत पाठवले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. मिलार्डनी पक्षी ओळखून दिला, संग्रहातले इतर पक्षी दाखवले, आणि एक दार उघडले. ते दार पुढे 1987 पर्यंत, त्यांच्या इंतकालापर्यंत उघडेच राहिले. वर्गात घरटे घेऊन येणाऱ्या मुलाला रागावून उपयोग नसतो हे मला यातून कळले. त्याचे कुतूहल खरे असते. त्याला फक्त दोन हात लांब उभे करायचे असते.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातला तो प्रसंग आपण ऐकलेला असतो. प्रवासात काही सहाबींनी एका लहान पाखराची दोन पिल्ले उचलून घेतली. आई येऊन पंख फडफडवू लागली. पैगंबर (स.) परत आले तेव्हा त्यांनी विचारले, की हिची पिल्ले घेऊन हिला कुणी दुखावले, आणि पिल्ले तिला परत द्यायला सांगितले. मी हा किस्सा वर्गात कितीतरी वेळा शिकवला होता. परीक्षेत त्यावर प्रश्नही काढला होता. पण त्या जुलैच्या सकाळी, टेबलावर घरटे असताना, तो मला आठवला नाही.

घरी काय करता येईल

फार काही करायचे नसते. बहुतेक वेळा काही न करणेच पुरते.

मार्च ते सप्टेंबर हा आपल्याकडे बहुतेक लहान पक्ष्यांचा घरटी करण्याचा काळ. या दिवसांत कुंपण, वेल, झुडूप छाटायचे असेल तर आधी आत डोकावून पाहा. घरटे दिसले तर ती फांदी महिनाभर राहू द्या.

घरटे सापडले की गावभर सांगू नका, आणि मोबाईल घेऊन जवळ जाऊ नका. माणसांची वर्दळ वाढली की कावळ्याला बरोबर कळते इथे काहीतरी आहे, आणि आईही घाबरून अंडी सोडते. फोटोसाठी पाने बाजूला सारली, तर सावलीही गेली आणि आडोसाही.

उडायला शिकणारी पिल्ले पुष्कळदा जमिनीवर उतरतात. ती हरवलेली नसतात. आई जवळच असते. मांजर-कुत्र्यापासून धोका असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि दूर व्हा. घरात आणून दूध-भात भरवू नका.

मुलांना हेही सांगा की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी खराब करणे, घरटे विस्कटणे यालाही शिकारच म्हटलेले आहे. पण कायद्याची भीती घालण्याआधी तो लांब शेपटीचा चाचा आणि औषध चोपडणारी हुदहुद सांगा. ते जास्त लक्षात राहते.

यंदा जूनच्या शेवटी आमच्या परसबागेत पुन्हा शिंपीण आली. या वेळी लिंबाच्या झाडावर. पहिल्यांदा दिसली ती त्याच मुलाला; आता तो सातवीत आहे. त्याने पान तोडले नाही. धावत आला आणि माझ्या कानात सांगितले. आम्ही दोघांनी दहा पावलांवर चुन्याची एक रेघ ओढली आणि तिच्या पलीकडे कुणी जायचे नाही असे ठरवले. आठवडाभर सगळी मुले रेघेशी उभी राहून कुजबुजत बघत होती. मग सवय झाली.

पिल्ले उडाली ती रविवारी. शाळेत कुणीच नव्हते. आम्ही कुणीही ती उडताना पाहिली नाहीत. सोमवारी सकाळी घरटे रिकामे होते आणि शिंपीण कुंपणापलीकडे कुठेतरी टोविट, टोविट करत होती. आणखी पंधरा दिवस आम्ही वाट पाहिली. पाने पिवळी पडून आपोआप गळली, तेव्हा त्या मुलाने ती उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

वर्गाने टाके मोजले. सतरा भरले.